एका सीझनचं ॲव्हरेज: ठाण्यातल्या मुलींच्या क्लबमधला आकड्यांचा घोळ आणि तो कसा सोडवला

पार्श्वभूमी

ठाणे पश्चिमेचा हा क्रिकेट क्लब, फक्त मुलींचा. क्लबचं नाव देत नाहीये, खेळाडूंचीही नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदललेत. वीसेक जणी आहेत, सगळ्यात धाकटी नववीत, सगळ्यात मोठी तिशी ओलांडलेली आणि बँकेत नोकरीला. स्वतःचं ग्राउंड नाही (ठाण्यात कुणाचं आहे म्हणा), नेट्स एका शाळेच्या मैदानावर आणि मॅच जिथे समोरच्यांना ग्राउंड मिळेल तिथे, कधी सेंट्रल मैदान, कधी घणसोली, कधी नेरूळ, म्हणजे रविवारी सकाळी ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात चार-पाच किट बॅगा आडव्या आणि बाकीच्या बायकांची कुरकुर.

सीझन ऑक्टोबर ते एप्रिल. सगळं सीझन बॉलवर. यंदा १२ मॅच झाल्या, ७ चाळीस ओव्हरच्या आणि ५ टी-ट्वेंटी, त्या पाचातल्या दोन सरावाच्या. सरांनी, म्हणजे आमच्या कोचनी, सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की बाराच्या बारा मॅच धरणार, सराव म्हणून कुणी हलकं घेऊ नका. हे वाक्य पुढे बरंच महागात पडलं.

आकड्यांचं वेड तसं आधीही होतं, पण २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ रन्सनी हरवून महिलांचा वर्ल्डकप आणला आणि त्यानंतर पालकसुद्धा आकड्यांत बोलायला लागले. दीप्ती शर्माचे स्पर्धेत २१५ रन्स आणि २२ विकेट्स हे ज्या आईला माहीत, तिला आपल्या मुलीचे किती हे विचारावंसं वाटणारच ना. त्यात क्लबकडून निवड चाचणीला चौघींची नावं जाणार होती, आणि वर्षाची बेस्ट बॅटर म्हणून एक ट्रॉफी.

एप्रिलच्या शेवटी सेक्रेटरी काकांनी स्कोअरिंग ॲपमधून सगळं उतरवून एक्सेल शीट बनवली आणि शुक्रवारी रात्री ग्रुपवर टाकली. ॲव्हरेजच्या यादीसाठी किमान ८ इनिंग्जची अट, जी कुणी कधी ठरवली ते कुणालाच सांगता येईना.

अडचण

यादीत पहिली होती फिनिशर, म्हणजे आमची सहा-सात नंबरला येणारी मुलगी. १० इनिंग्ज, ७ वेळा नॉट आउट, १८६ रन्स, ॲव्हरेज ६२. खाली ओपनर, १२ इनिंग्ज, १ नॉट आउट, ३४१ रन्स, ॲव्हरेज ३१. ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. ओपनरच्या बाजूचे म्हणाले दुप्पट रन्स करून अर्धं ॲव्हरेज कसं, फिनिशरचे वडील म्हणाले गणित गणित असतं.

आता ॲव्हरेजचं गणित सगळ्यांना माहीत असतं असं आपण धरून चालतो, तर तसं नसतं. रन्स भागिले इनिंग्ज नाही, रन्स भागिले किती वेळा आउट. ऑस्ट्रेलियाचा बॅटर डॉन ब्रॅडमन, त्याचे टेस्टमध्ये ८० इनिंग्जमध्ये ६९९६ रन्स, १० वेळा नॉट आउट, म्हणून ७० ने भागायचं, तेव्हा ते ९९.९४ येतं. आणि ह्याच नियमाने १९५३ च्या इंग्लंड दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचा बिल जॉन्स्टन, अकरा नंबरवाला बॉलर, १७ इनिंग्जमध्ये फक्त एकदा आउट होऊन १०२ रन्सवर १०२ ची ॲव्हरेज घेऊन घरी गेला होता. मी हे ग्रुपवर टाकलं तर दोन तास शांतता, मग कुणीतरी अंगठा दिला.

पण खरी अडचण त्या भांडणात नव्हतीच. शनिवारी आमची कीपर (ती बॅटिंगला तीन नंबरला येते) तिने मला वेगळा मेसेज केला, ताई, माझं नाव यादीत का नाही? आणि खरंच नव्हतं. १२ पैकी ११ मॅच खेळलेली, तीन नंबरची बॅटर, ॲव्हरेजच्या यादीत नावच नाही. रन्सच्या यादीत बघितलं तर ती दोनदा, एकदा माहेरच्या आडनावाने १२१ आणि एकदा सासरच्या आडनावाने १५२. डिसेंबरात लग्न झालं, आधार बदललं, मोबाइल नंबर बदलला, जानेवारीत कॅप्टनने नव्या नंबरने तिला ॲपमध्ये ॲड केलं. ॲपच्या दृष्टीने दोन वेगळ्या बायका. एकीच्या ५ इनिंग्ज, एकीच्या ६, आणि अट ८ ची, त्यामुळे दोघीही बाद.

हे दिसल्यावर माझा त्या शीटवरचा विश्वासच उडाला. मी ह्याच क्लबमधून खेळलेली, आता अकाउंट्समध्ये नोकरी, दिवसभर आकडे जुळवणं हाच धंदा, म्हणून सरांनी मला सांगितलं तूच बघ.

समोर असलेले पर्याय

रविवारी नेट्स संपल्यावर सर, सेक्रेटरी काका, कॅप्टन आणि मी कट्ट्यावर बसलो. चार दिशांनी चार मतं.

काकांचं म्हणणं, शीट आहे तशी ठेवा, कीपरचं तेवढं जोडून घ्या, दरवर्षी असंच होतं आणि आभाळ कोसळत नाही. कॅप्टनचं म्हणणं, ॲव्हरेज काढूनच टाका, नुसते रन्स आणि विकेट्स लावा, भांडणच नको. हे ऐकायला बरं वाटतं, पण सहा-सात नंबरला येणाऱ्या मुलीला वर्षभरात जितके बॉल मिळतात त्यात ती ओपनरच्या रन्सच्या जवळपासही जाऊ शकत नाही, म्हणजे ही यादी फक्त वरच्या तिघींची राहते.

सरांना तर शीटच नको होती. माझे डोळे आहेत ना, म्हणाले. खरंय, पण सरांचे डोळे ज्या मॅचला सर हजर तिथलेच, आणि फेब्रुवारीतल्या दोन मॅचना सर नव्हते.

माझं म्हणणं होतं की स्कोअरबुकवरून पहिल्यापासून सगळं परत मांडायचं. क्लबची पद्धत अशी की ॲपवर कुणीतरी मुलगी स्कोअर टाकते आणि शेजारी बसून एक पालक पेन्सिलने बुकात लिहितात. क्रिकेटच्या नियमातही दोन स्कोअररच सांगितलेत आणि त्यांनी एकमेकांशी वेळोवेळी जुळवून घ्यायचं असतं, आमच्याकडे दोघं जुळवून घेतात ते चहाच्या वेळेला, ते पण वडापाव आले तर राहूनच जातं. तरी बाराच्या बारा मॅचचं बुक शाबूत होतं.

शेवटी हेच ठरलं, पण एका मुद्द्यावर बराच वेळ गेला. बुक लिहिणारे पालक म्हणजे ओपनरचे वडील. माणूस अतिशय सरळ, पण ट्रॉफीच्या भांडणात ज्यांची मुलगी आहे त्यांनीच बुक वाचून दाखवायचं हे कुणाला पटणार? आणि त्यांचं अक्षर त्यांच्याशिवाय कुणाला लागत नाही हेही तितकंच खरं. मग तोडगा असा निघाला की ते वाचतील, शेजारी फिनिशर स्वतः बसेल आणि ॲप उघडून प्रत्येक नोंद ताडून बघेल, मी शीटमध्ये भरेन. माझ्या मते सगळ्या प्रकरणात घेतलेला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय, आणि तो कॅप्टनने सुचवला, मी नाही.

काय केलं आणि काय सापडलं

आधी माणसं, मग आकडे, असा क्रम ठेवला. आमच्या भागात हे का लागतं ते ठाणेकरांना सांगायला नको. टीममध्ये तीन पाटील, दोन म्हात्रे, एक भोईर, त्यातल्या दोन पाटलांचं पहिलं अक्षर सारखं. बुकात 'एस. पाटील झे. म्हात्रे' (झे. म्हणजे झेल) असं लिहिलेलं, आणि त्या दिवशी घणसोलीच्या समोरच्या टीममध्येही एक म्हात्रे होती. ही एस. पाटील कुठली? विकेट पडल्याच्या रकान्यात ८३ वर चौथी विकेट, म्हणजे त्यानंतर आलेली ही एस. पाटील सहा नंबरची, आणि ग्रुपवर त्या सकाळी टाकलेल्या बॅटिंग ऑर्डरच्या फोटोत सहा नंबरला कोण ते दिसलं. अशा जागा बऱ्याच निघाल्या, आणि प्रत्येक ठिकाणी फोटो नव्हता, तिथे मुलींनाच विचारलं, आणि मुलींना स्वतःचे रन्स अचूक आठवतात, दुसरीचे तर त्याहून अचूक.

मग निघाल्या बहिणी. ओपनरची धाकटी बहीण पण टीममध्ये, मीडियम पेस टाकते, बॅटिंगला खाली येते. दोघींचं ॲपमधलं खातं वडिलांच्याच मोबाइल नंबरवर, कारण धाकटी अठराच्या आतली आणि घरच्यांना मुलींचे नंबर असे कुठेही द्यायचे नव्हते, जे अगदी बरोबरच आहे. पण नंबर टाकला की दोन नावं एकाखाली एक येतात आणि बोट वरच्यावर पडतं. ओपनर प्रॅक्टिकलमुळे ज्या दोन मॅचना नव्हतीच, त्यात धाकटीचे ९ आणि १४ थोरलीच्या खात्यात. दोन्ही वेळा आउट. ते काढले तर ओपनरचे ३४१ वरून ३१८ झाले, पण इनिंग्ज १० आणि आउट ९ वेळा, म्हणजे ॲव्हरेज ३१ वरून ३५.३३. रन्स कमी झाले आणि ॲव्हरेज वाढलं हे त्यांच्या वडिलांनाच आधी पटेना, मला कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात द्यावा लागला.

आता सगळ्यात नाजूक भाग, फिनिशरचे सात नॉट आउट. पाच खरे. उरलेले दोन सरावाच्या मॅचमधले, जिथे सरांनी तिला वीस-पंचवीस झाल्यावर बाहेर बोलावलं, खालच्या मुलींना बॅटिंग मिळावी म्हणून. स्कोअर करणाऱ्या मुलीने ॲपवर 'रिटायर्ड हर्ट' (दुखापतीमुळे बाहेर) दाबलं, सोपं पडतं म्हणून. पण क्रिकेटचा नियम २५ असा आहे की आजारी, जखमी किंवा तसंच टाळता न येणारं काही कारण असेल तरच रिटायर्ड नॉट आउट, बाकी कशासाठीही बाहेर गेली आणि परत खेळायला आली नाही तर रिटायर्ड आउट. आणि रिटायर्ड आउट ॲव्हरेजला आउटच धरतात. म्हणजे तिचे आउट ३ चे ५, आणि ॲव्हरेज ६२ वरून ३७.२०.

ती शेजारीच बसली होती. तिने नियम स्वतः वाचला, मग म्हणाली, ताई, सरांनी बोलावलं म्हणून मी आले, नाहीतर मी आउट कुठे झाले होते? आणि ह्याला उत्तर नाही. सरांनी मॅच धरणार असं सांगितलं आणि त्याच मॅचमध्ये सेट झालेल्या बॅटरला बाहेर काढलं, ह्या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. सराव मॅच काढून टाकायच्या का यावर परत चर्चा झाली, पण त्याच मॅचमध्ये दोन लहान मुलींनी आयुष्यातल्या पहिल्या विकेट्स काढल्या होत्या, त्यांना काय सांगणार? शेवटी नियमाप्रमाणे आउट धरलं आणि शीटमध्ये तिच्या नावापुढे 'दोनदा प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून बाहेर' अशी नोंद ठेवली. अर्धवट न्याय आहे, मला मान्य आहे.

कीपरचं सोपं होतं. दोन खाती एक केली, ११ इनिंग्ज, १ नॉट आउट, २७३ रन्स, ॲव्हरेज २७.३०. क्लबमध्ये रन्समध्ये दुसरी! इंग्लंडची बॅटर नॅट सिव्हर २०२२ मधल्या लग्नानंतर सिव्हर-ब्रंट झाली, तिचे आधीचे रन्स कुणी वेगळ्या बाईच्या नावावर टाकले नाहीत, रेकॉर्ड एकच राहिलं. आमच्या कीपरला मी हे सांगितलं तर ती म्हणाली मला वाटलं लग्नाने खेळ उतरला असेल माझा. तर नवीन आडनावाचे आकडे जुन्यापेक्षा चांगले होते, १५२ ला पाच आउट.

बॉलिंगमध्ये एकच चूक पण सगळीकडे. आमच्या लेफ्ट आर्म स्पिनरच्या तीन मॅचच्या ओव्हर्स ७.३, ६.४ आणि ५.५. एक्सेलने बेरीज केली १९.२. पण ७.३ म्हणजे सात ओव्हर तीन बॉल, ४५ बॉल, मग ४० आणि ३५, झाले १२०, म्हणजे बरोब्बर २० ओव्हर्स. त्यात ६० रन्स दिले तर इकॉनॉमी (दर ओव्हरला दिलेले रन्स) ३, आणि शीट दाखवत होती ३.१३. ओव्हर्स कधीही बॉलमध्ये बदलूनच बेरीज करायची, शेवटी परत ओव्हर्स करायच्या, एवढं जरी कुणी ह्यातून घेतलं तरी खूप. वाइड आणि नो बॉल बॉलरच्या खात्यात जातात, बाय आणि लेग बाय (बॅटला न लागता पळून काढलेले रन्स) जात नाहीत, नो बॉलवर बाय पळाल्या तर २०१७ च्या नियमांपासून नो बॉलचा एक रन तेवढा बॉलरचा आणि पळालेले बायमध्ये, हे ॲपमध्ये बरोबर होतं, बुकात दोन ठिकाणी चुकलं होतं.

पावसात ११ ओव्हरनंतर वाहून गेलेली ऑक्टोबरची मॅच कुणीतरी काढायला सांगत होतं. ठेवली. बॉल पडला की केलेले रन्स आणि काढलेल्या विकेट्स खऱ्याच असतात, निकाल लागो न लागो.

मधेच निघालेली एक रनची मॅच

प्रत्येक मॅचचा ताळा घेताना मी एक साधी पद्धत वापरली, बॅटर्सचे रन्स अधिक एक्स्ट्रा बरोबर टोटल, आणि बॉलर्सनी दिलेले अधिक बाय-लेग बाय हेही त्याच टोटलला आलं पाहिजे. अकरा मॅच जुळल्या. एक जुळेना. जानेवारीतली नेरूळची, जी आम्ही एका रनने हरलो होतो, समोरच्यांचे १४३, आमचे १४२. बॉलरच्या रकान्यात एक वाइडची खूण आहे आणि चालू टोटलच्या ओळीत, जिथे प्रत्येक रनला एक आकडा खोडत जातात, तो रन खोडायचा राहिलाय. म्हणजे १४३. म्हणजे टाय, बरोबरी.

कॅप्टन उडालीच. लीगला पत्र द्यायचं, एक पॉइंट मिळतोय, टेबलमध्ये एक जागा वर. पण मॅच संपल्यावर अंपायर आणि स्कोअररनी स्कोअर बरोबर आहे असं एकमताने ठरवलं की नंतर निकाल बदलता येत नाही, नियम १६ मध्ये स्पष्ट आहे. काकांनी त्या दिवशी सही केलीय. सरांनी पत्र देऊ दिलं नाही, आणि मला ते पटलं, कारण ती वाइड त्या रकान्यात चुकून पडलेली पेन्सिलची खूण नाही हे आज कोण छातीठोकपणे सांगणार, तो बॉल कुणाला आठवत नाही. शीटमध्ये अधिकृत टोटल १४२ च ठेवली, खाली तळटीप. आमच्या कुणाच्याही वैयक्तिक आकड्यात त्याने फरक पडत नव्हता. कॅप्टन मात्र ह्या विषयावर अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

निकाल काय लागला

नवीन शीटला अट बदलली. किमान इनिंग्जऐवजी किमान ५ वेळा आउट. जी वारंवार नॉट आउट राहते तिचं ॲव्हरेज निदान थोड्यातरी विकेटवर टेकलेलं असावं म्हणून. फिनिशर बरोबर पाचावर बसली आणि ३७.२० ने ॲव्हरेजमध्ये पहिलीच राहिली. ट्रॉफी रन्सवर द्यायची ठरली, ती ओपनरला, ३१८. स्ट्राइक रेट (१०० बॉलमागे किती रन्स) शेजारी लावला, फिनिशरचा १७१ बॉलवर १०८.७७ आणि ओपनरचा ४१२ बॉलवर ७७.१८, आणि वाइड बॅटरच्या बॉलमध्ये धरायचा नाही पण नो बॉल धरायचा हे परत सगळ्यांना समजावलं.

चाचणीसाठी चार नावं. ओपनर, कीपर, स्पिनर ह्यांवर वाद नव्हता. चौथी जागा फिनिशर की बारावीतली मुलगी, जी बोर्डाच्या परीक्षेमुळे फक्त ४ इनिंग्ज खेळली पण त्यात १६३ रन्स, ३ वेळा आउट. ५४.३३. अटीत बसत नाही म्हणून तिला यादीच्या खाली 'परीक्षेमुळे कमी सामने' असं वेगळं ठेवलं होतं. सर म्हणाले चार इनिंग्जवर शीट काही सांगू शकत नाही, इथे मी बघितलेलंच चालेल, आणि त्यांनी बारावीवालीचं नाव दिलं. फिनिशरच्या घरी राग आला, साहजिक आहे. तिला पुढच्या सीझनला पाच नंबरला पाठवायचं सरांनी कबूल केलंय.

कीपर चाचणीची पहिली फेरी पार झाली, पुढे नाही झाली. पहिल्या शीटवर नावं गेली असती तर तिला बोलावणंच आलं नसतं.

परत करायचं झालं तर

शीट ग्रुपवर टाकायच्या आधी ज्या-त्या मुलीला तिची ओळ पाठवायची, बघून सांग म्हणून. दोन दिवसांचं काम, आणि कीपरने शनिवारी विचारलं ते तिने आधीच विचारलं असतं. अट सीझनच्या आधी ठरवायला हवी, आम्ही आकडे समोर ठेवून ठरवली आणि ५ चा आकडा फिनिशरला सोयीचा पडला असं कुणी म्हटलं तर खोडून काढता येत नाही.

बहिणींसाठी नंबर कुणाचाही असो, ॲपमधल्या नावात जर्सी नंबर घालायचा, 'पाटील एस ७' असं. बुकातही नावाआधी जर्सी नंबर. लग्न झालं की नवीन खातं उघडायचं नाही, जुन्यातच आडनाव बदलायचं, आणि मुलीला विचारून, कारण दोघी-तिघी म्हणाल्या आम्हाला मैदानावर जुनंच आडनाव हवंय.

सराव मॅचमध्ये ज्यांना बाहेर बोलावणार त्यांना टॉसच्या आधी सांगायचं, आणि ती मॅच आकड्यात धरणार की नाही हेही तेव्हाच. सरांना हे मान्य आहे. चाळीस ओव्हर आणि टी-ट्वेंटीचं टेबल वेगळं करावं असं मला वाटतं, सरांना वाटत नाही, ते म्हणतात पाच मॅचचं कसलं टेबल. त्यावर पुढच्या रविवारी बसायचंय.